काळ्या वाळूवरचा नारळ

आमच्या यांना निसर्ग फार आवडतो. निसर्गाला हे आवडतात असं मात्र मला एवढ्या वर्षांत कधी दिसलं नाही. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात नोकरी लागल्यावर यांनी दुर्बीण घेतली, पक्ष्यांची पुस्तकं घेतली, मोजता येणार नाहीत इतक्या खिशांचं एक हिरवं जाकीट घेतलं, आणि ते जाकीट घालून हे जिथे जिथे दबा धरून बसले तिथून सगळे पशुपक्षी नुकतेच कुठेतरी गेलेले असायचे. तिथला रखवालदार हमखास म्हणायचा, "कालच होते हो!"

ऐंशीच्या दशकातला एक ऑगस्ट. सासूबाई गुहागरजवळच्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. लंडन दाखवून झालं होतं. एजवेअरच्या ओळखीच्यांकडे दोनदा जेवून झालं होतं. मग यांनी जाहीर केलं की आईला स्कॉटलंडमधलं स्काय बेट दाखवायचं. ज्वालामुखीतून झालेलं बेट, काळ्या वाळूचे किनारे, सील, पाणमांजरं, गरुड, आणि पफिन नावाचे लाल चोचीचे पक्षी. मी विचारलं, गाडीने किती वेळ लागतो. "दोन दिवस," असं म्हणून हे लगेच नकाशात तोंड घालून बसले.

सासूबाईंनी विचारलं वेगळंच. "नारळी पौर्णिमेला आपण कुठे असू?"

पौर्णिमा नेमकी बेटावरच येत होती. सासूबाईंचा धाकटा मुलगा, माझा दीर, बोटीवर इंजिनियर होता. तो बोटीवर चढल्यापासून दर नारळी पौर्णिमेला सासूबाई समुद्राला नारळ द्यायच्या आणि त्याला सांभाळ म्हणून सांगायच्या. एक वर्ष चुकलेलं नव्हतं. त्यामुळे आमच्या प्रवासाच्या तयारीत पहिली वस्तू पडली ती नारळ. साउथहॅम्प्टनच्या आपल्या वाण्याच्या दुकानात सासूबाईंनी टोपलीतला एकूण एक नारळ कानाशी धरून हलवला. वाण्याने संयम दाखवला. शेवटी चांगल्या शेंडीचा, डबडब पाण्याचा एक निवडून त्यांनी तो आपल्या जुन्या पातळात गुंडाळला आणि दोन दिवस मांडीवर घेऊन बसल्या. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मागच्या सीटवर जागा थोडी कमी पडली, पण नारळाला पडली नाही.

फेरीबोटीतून गाडी बेटावर उतरली आणि यांचं व्याख्यान सुरू झालं. डोंगर बघा, पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. लाव्हाचे थरावर थर. काही कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली आणि हा काळा दगड वर आला. सासूबाईंनी काच खाली करून बराच वेळ बाहेर बघितलं.

"म्हणजे कातळ," त्या म्हणाल्या. "दोन दिवस गाडीत कोंबून काळा कातळच दाखवायचा होता, तर आपल्या परसात काय कमी होता?"

"एक्झॅक्टली, आई! सेम बेसॉल्ट! आपला सह्याद्री पण असाच झालाय!" यांना वाटलं, आईला भूविज्ञान कळलं.

आम्ही उतरलो होतो ते एका छोट्या खाडीवरचं पांढरं घर होतं. चार खोल्यांची बी अँड बी, म्हणजे राहायला खोली आणि सकाळी नाश्ता. घरमालकीण साठीच्या पुढची, अविवाहित, उंच, ताठ, रविवारी चर्च सोडून कशालाही घराबाहेर न पडणारी. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट किनाऱ्यावर उघडत होती. किनारा खरंच काळा होता. ओहोटीला वाळूवर काळ्याकरड्या रेघा उठायच्या, दोन्ही बाजूंना दगडांचे उभे खांब, आणि टोकाला समुद्रात एक सुटा सुळका. मी खोटं बोलणार नाही, बघून माझा दोन दिवसांचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा संध्याकाळी परत आला, कारण वारा पडला आणि चिलटं आली. मिज म्हणतात त्यांना. डोळ्यांना दिसत नाहीत, पण एक लाख एकदम चावतात. यांच्या जाकिटाच्या कुठल्यातरी खिशात त्यावरचं मलम होतं. तो खिसा सापडेपर्यंत आम्ही सगळे सुजलो होतो.

पफिन आदल्याच आठवड्यात समुद्रावर निघून गेले होते. घरमालकिणीने हे सांगितलं तेव्हा मी यांच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी पाणमांजराची पाळी. हे पहाटेपासून दगडाआड पालथे पडले. मुलीला बोलायची बंदी, मला खोकायची बंदी. तीन तास गेले. सासूबाईंना पलीकडच्या खडकामागे जायची गरज पडली. पाच मिनिटांनी पदर सावरत त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तिकडे एक जाडं मांजर खेकडा खातंय. ओलंचिंब झालंय बिचारं."

हे धावले. मांजर गेलं होतं. अर्धा खेकडा होता. यांनी त्याचा फोटो काढला, तो अजून आमच्या अल्बममध्ये आहे.

"आजी, तू लकी आहे," मुलगी म्हणाली. "डॅडीला एक पण अॅनिमल दिसली नाही."

सीलचंही तेच. हे डावीकडे बघत असले की सील उजवीकडे डोकं काढून सासूबाईंकडे बघायचे, आणि सासूबाई त्यांना "काय रे?" म्हणायच्या.

खरी ओळख झाली ती नाश्त्याच्या टेबलावर. घरमालकिणीच्या खिडकीत समुद्राने आणून टाकलेल्या वस्तू ओळीने मांडलेल्या होत्या. शंख, काचेचे गोळे, आणि पाच-सहा मोठ्या, तपकिरी, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या बिया. सासूबाईंनी एक उचलली आणि ओरडल्याच, "अगं, ही तर गारंबी!"

घरमालकिणीने मला सांगितलं की या बिया अमेरिकेच्या खालच्या बाजूच्या बेटांवरून येतात. नदीत पडतात, समुद्रात येतात, प्रवाहाबरोबर वर्ष-दोन वर्षं तरंगत इथे लागतात. पूर्वी इथल्या बाया बाळंतपणात ही बी मुठीत धरून ठेवायच्या. हे मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सांग तिला, आम्ही ती बाळंतिणीच्या कंबरेला उगाळून लावतो. मुठीत धरून काय होणार?" मी हे थोडं मऊ करून सांगितलं. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं आणि त्यामुळे भांडणाला वाव नव्हता. माझं आणि सासूबाईंचं तसं नव्हतं.

मी सहज विचारलं, बिया येतात, मग नारळ पण येत असेल?

घरमालकिणीने चहाची किटली खाली ठेवली. तिचा चेहरा बदलला. मला वाटलं माझं काही चुकलं.

तिने सांगितलं ते असं. पंचाहत्तर वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना, दहा वर्षांचे असताना, याच किनाऱ्यावर नारळ सापडला होता. त्यांनी गावभर सांगितलं. गावाने विचारलं, दाखव. ते म्हणाले, आम्ही खाल्ला. आम्ही म्हणजे कोण? त्यांनी शेजारच्या मित्राचं नाव घेतलं. मित्र म्हणाला, मला काही माहीत नाही. झालं. त्या दिवसापासून तिच्या वडिलांचं नाव 'नारळवाला' पडलं. मासे मोजले तरी लोक विचारायचे, नक्की एवढेच का रे, नारळवाल्या? ते गेले तेव्हा पुरायला आलेल्या माणसांतही कोणीतरी हळूच तेच नाव घेतलेलं तिने ऐकलं. तिला शाळेत नारळवाल्याची पोरगी म्हणायचे. बाप खोटं बोलणारा नव्हता, एवढं एकच तिला सिद्ध करायचं होतं. म्हणून गेली तीस वर्षं, रविवार सोडून, ती रोज सकाळी किनारा धुंडाळत होती. तो मित्र अजून जिवंत होता, दोन शेतं पलीकडे, पंचाऐंशीच्या घरात, छातीने हैराण. गावात आता त्या गोष्टीतला तोच एक माणूस उरला होता. तो आहे तोवर एक नारळ समुद्राने आणून द्यावा, म्हणजे तो त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवता येईल. बस, इतकंच.

मी सगळं सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या बराच वेळ गारंबी हातात फिरवत बसल्या.

पौर्णिमा आली. सासूबाईंचा समुद्राचा अभ्यास पक्का. कोकणात भरतीओहोटीचं गणित तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; सव्वाअकराला पूर्ण भरती. म्हणजे चार वाजता पाणी चांगलंच उतरत असणार. त्या वेळी दिलेला नारळ थेट आत जातो, परत म्हणून येत नाही.

चार वाजता आम्ही किनाऱ्यावर गेलो. सासूबाईंनी नवं लुगडं नेसून त्यावर माझा रेनकोट घातला होता. नारळाला कुंकू लावलं, हळद लावली, दिराचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटल्या.

"आई, पाणी वर येतंय असं वाटतंय," मी म्हटलं. मघाशी कोरडा असलेला खडक आता ओला होता.

"वाऱ्याने येतंय. ओहोटी आहे आत्ता."

"पण तुमचे पाय भिजले."

"अगं, चाळीस वर्षं समुद्राकाठी काढलीत मी. तू पुण्याची."

यावर पुण्याच्या माणसाला बोलण्यासारखं काही राहत नाही. यांना विचारावं, तर हे दुर्बीण लावून आकाशात गरुड शोधत होते. सासूबाईंनी नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला, नमस्कार केला. नारळ जरा आत गेला, सुळक्याकडे वळला, दिसेनासा झाला. सासूबाईंचा चेहरा उजळला. आम्ही परत येऊन घरून आणलेल्या सुक्या खोबऱ्याचा नारळीभात केला. घरमालकिणीलाही दिला. तिने एक घास खाऊन फार वेगळं आहे असं म्हटलं, आणि बाकीचा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. दार उघडलं. घरमालकीण ओल्या बुटांनी आत आली, जे ती कधी करत नसे. केस सुटलेले. दोन्ही हातांत नारळ.

तिने तो टेबलावर टोस्टच्या जाळीशेजारी ठेवला.

सासूबाईंनी एकदा नारळाकडे बघितलं. शेंडी त्यांनी स्वतः कापून नीट केली होती. डोळ्यांच्या खाचांत कुंकवाचा पुसट लाल अजून होता. चेहऱ्यावर गोड हसू ठेवून त्या मला मराठीत म्हणाल्या, "अगं बाई, हा तर माझा!"

"आई, बोलू नका," मीही हसत म्हटलं.

"परत आला गं! माझा पोरगा बोटीवर आहे. समुद्राने घेतला नाही. माग तिच्याकडे, मी पुन्हा टाकते."

यांनी चमचा खाली ठेवला. "आई, हे बरोबर नाही. शी शुड नो. आपण सांगून टाकू. हा नारळ साउथहॅम्प्टनचा आहे. इट्स नॉट एव्हिडन्स!" आयुष्यात हे कधी खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. संसाराला ते फार त्रासाचं होतं.

घरमालकीण मात्र यांच्याकडेच वळली. तिने विनंती केली की डॉक्टरसाहेबांनी तिच्याबरोबर म्हाताऱ्याकडे यावं. तुम्ही शिकलेले, शिवाय नारळाच्या देशातले. तुम्ही सांगाल तर तो नाही म्हणणार नाही. "माझ्या वडिलांसाठी," ती म्हणाली आणि कोट चढवायला गेली. कोटाची बाही तिला दोनदा सापडली नाही.

मी सासूबाईंना अर्थ सांगितला. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. मला स्वतःला त्यांची फार कीव आली, आणि तिचीही आली, आणि यांचा राग आला, कारण हे उठून तिच्यामागे सत्य सांगायला निघाले होते. सासूबाईंनी यांचं जाकीट धरून खाली बसवलं.

"समुद्राने तिच्या हातात दिलाय," त्या म्हणाल्या. "तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. तिथे जायचं, आणि खरं तेवढंच बोलायचं. जास्त खरं बोलायचं नाही."

सगळेच गेलो. म्हातारा चुलीशेजारी खुर्चीत, गुडघ्यावर पांघरूण, छातीतून बासरी वाजल्यासारखा श्वास. घरमालकिणीने नारळ त्याच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. तिने यांच्याकडे बघितलं.

यांच्या कपाळावर घाम. "हा... हा नारळ आहे," हे म्हणाले. म्हातारा वाट बघत होता. "अस्सल आहे. आणि आज सकाळी समुद्रातून बाहेर आलाय. आणि... फार लांबून आलाय." हे सगळं खरं होतं. यांची मान मात्र गुन्हेगाराची होती.

म्हाताऱ्याने नारळ उचलला. अंगठा शेंडीवरून फिरवला. मग तो कानाशी धरून हलवला, अगदी सासूबाई वाण्याकडे हलवतात तसा. सासूबाईंनी माझा हात दाबला. ज्याने जन्मात नारळ बघितला नाही, तो माणूस तो हलवून पाणी कशाला बघेल?

"तुझ्या बापाचा याच्यापेक्षा मोठा होता," म्हातारा म्हणाला.

चुलीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला.

"रविवार होता," तो पुढे म्हणाला. एकेका शब्दाला श्वास घेत होता. त्या बेटावर रविवारी पोरांनी किनाऱ्यावर जाणं म्हणजे पाप. त्याचे वडील चर्चमधले मोठे मानकरी. कळलं असतं तर त्याची सालटी निघाली असती. "तुझ्या बापाने नाव सांगितलं, पण वार सांगितला नाही. माझ्यासाठी. वार सांगितला असता तर लोकांनी नुसतं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न वाराचाच आला असता, म्हणून मी म्हणालो, मला माहीत नाही. मग रोज तेच म्हणावं लागलं."

माझ्या मुलीने मध्येच विचारलं, "वॉज इट नाइस?"

"गोड होता," म्हातारा तिला म्हणाला. "अर्धा त्याने मला दिला. मोठा अर्धा." आणि तो चुलीकडे तोंड करून बसला.

घरमालकीण त्याला ओरडेल, निदान काही सुनवेल, असं मला वाटत होतं. मी सुनवलं असतं. तिने त्याचं सरकलेलं पांघरूण गुडघ्यावर ओढलं, नारळ उचलला आणि बाहेर पडली. आम्ही मागून. किनाऱ्याच्या फाटकाशी ती थांबली. डोळे पुसायचंही तिला सुचलं नव्हतं, गालांवरून पाणी सरळ खाली येत होतं. तिने नारळ सासूबाईंच्या हातात दिला.

"त्यांना सांगा," ती मला म्हणाली, "पौर्णिमेला इथे संध्याकाळी भरती असते. काल चारला पाणी चढत होतं. आत्ता उतरतंय. आत्ता सोडा."

आमच्या तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार.

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खा किनारा दिसतो," ती म्हणाली. "तीस वर्षं खरा आला नाही. म्हटलं, देवा, आता हाच चालवून घे. आणि डॉक्टर, तुम्हाला खोटं अजिबात बोलता येत नाही. मला फार भीती वाटली."

"मी खोटं बोललोच नाही!" हे म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं, भरतीचंसुद्धा. पाऊणपटीच्या गणिताबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. वाकून काळ्या वाळूतून पाण्यापर्यंत गेल्या. घरमालकीण फाटकाशीच राहिली आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. दुसऱ्या देवाची पूजा बघणं तिच्या धर्मात बसत नव्हतं, आणि ती सच्ची बाई होती. ताठ पाठीने, हात बांधून ती घराकडे बघत होती. मी तिच्याशेजारी थांबले.

"वार सांगितला नाही त्यांनी," ती घराकडे बघतच म्हणाली. "मलासुद्धा. कधीच."

खाली सासूबाईंनी दिराचं नाव घेतलं, नारळ सोडला. या वेळी तो सुळक्याकडे वळला नाही. एकदा दिसला, मग लाटेमागे गेला, पुन्हा दिसला, लहान झाला.

"गेला का?" तिने मला विचारलं.

मी सांगायच्या आत खालून सासूबाईंनी हात हलवला आणि जोरात ओरडून मराठीतच सांगितलं, "गेला गं, गेला!"

घरमालकिणीने मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.